तीच माणसं, उलटा सल्ला : युद्धात जाणत्यांचं किती ऐकावं?

२ नोव्हेंबर १९६७. व्हाइट हाउसमध्ये राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांच्यासमोर दहा-बारा माणसं बसली होती. बहुतेक पदावरून उतरलेली. डीन ॲचेसन हे माजी परराष्ट्रमंत्री; नाटो करार त्यांच्या कारकिर्दीत झाला. ओमर ब्रॅडली हे दुसऱ्या महायुद्धात युरोपात लाखोंच्या फौजा हाताळलेले सेनापती. मॅकजॉर्ज बंडी हे दोन राष्ट्राध्यक्षांचे सुरक्षा सल्लागार राहिलेले. वॉशिंग्टनमध्ये या मंडळींना ‘वाइज मेन’ म्हणत. आपण त्यांना जाणती मंडळी म्हणू. व्हिएतनाममध्ये तेव्हा अमेरिकेचे साडेचार लाखांहून अधिक सैनिक होते. पुढे काय करू, असं जॉन्सन यांनी विचारलं. जाणत्यांनी सांगितलं : ठाम राहा, माघार घेऊ नका.

२६ मार्च १९६८. तेच राष्ट्राध्यक्ष, जवळपास तीच मंडळी. या वेळी बहुतेकांनी सांगितलं की या वाटेनं हे युद्ध जिंकता येणार नाही, बाहेर पडायच्या तयारीला लागा.

मधे पाच महिनेही गेले नव्हते.

युद्ध सुरू असताना परराष्ट्र व्यवहारातल्या जुन्या, मुरलेल्या सल्लागारांचं नेत्यानं ऐकावं का, हा प्रश्न कुठेही युद्ध पेटलं की वर येतो. एक बाजू म्हणते, अनुभवाला पर्याय नाही. दुसरी म्हणते, याच अनुभवी माणसांनी आजवर किती घोळ घातले ते बघा. दोन्ही बाजूंकडे भरपूर दाखले असतात, कारण दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण वरच्या दोन तारखा शेजारी ठेवल्या की दोन्ही उत्तरं अपुरी पडतात. माणसं तीच, अनुभव तोच, सल्ला मात्र उलटा. म्हणजे सल्ला चांगला की वाईट हे ठरवणारी गोष्ट अनुभवाच्या बाहेर कुठेतरी होती. ती कोणती, हे या लेखात बघू. माझ्या मते ती सापडली की बाकीचं बरंच कोडं सुटतं.

आधी हे समजून घेऊ की नेता अशा माणसांना बोलावतो कशासाठी. त्याच्याकडे परराष्ट्र खातं असतं, लष्कर असतं, गुप्तचर यंत्रणा असते. तरीही तो निवृत्तांना फोन लावतो, त्याची कारणं साधारण तीन. पहिलं कारण ज्ञान. समोरच्या देशाचा नेता कसा बोलतो, कशाला घाबरतो, मागच्या वेळी त्यानं काय केलं होतं, हे ज्यानं त्याच्यासमोर बसून पाहिलंय त्याला जेवढं ठाऊक असतं तेवढं फायलीत नसतं. दुसरं कारण मोकळेपणा. खुर्चीवरच्या माणसाला खुर्ची जपायची असते, निवृत्ताला ती चिंता नसते. निदान नसावी. तिसरं कारण उघडपणे कुणी सांगत नाही, पण ते फार मोठं आहे : ढाल. ‘एवढ्या मोठमोठ्या माणसांनाही हेच वाटतं’ असं देशाला सांगता आलं की नेत्याच्या निर्णयाला वजन येतं. नोव्हेंबर १९६७ मध्ये जॉन्सन यांना प्रामुख्यानं ही ढाल हवी होती, असं मला वाटतं. ज्याला ढाल हवी असते तो ढालीला अवघड प्रश्न विचारत नाही.

युद्धात नेत्यापर्यंत माहिती कशी पोचते, हेही नीट पाहिलं पाहिजे. रणांगणावरच्या कॅप्टनला जे दिसतं ते तो वरिष्ठाला कळवतो. वरिष्ठ त्यातलं थोडं गाळतो, थोडं सावरून लिहितो. तो अहवाल मुख्यालयात जातो, तिथून राजधानीत, तिथून मंत्र्याकडे. खोटं कुणीच बोलत नसतं, पण प्रत्येक पायरीवर एक-एक कोपरा घासून गुळगुळीत होतो. आपल्या तुकडीचं काम बरं चाललंय, हे दाखवायची इच्छा प्रत्येकालाच असते. शेवटी नेत्याच्या टेबलावर जो कागद येतो त्यात युद्ध असतं, पण त्याचे काटे निघून गेलेले असतात. आता निवृत्त सल्लागाराला तोच घासलेला कागद वाचायला दिला, तर चाळीस वर्षांचा अनुभव त्या कागदाच्या पलीकडचं कसं बघणार?

नोव्हेंबरमध्ये हेच झालं. बैठकीच्या आदल्या संध्याकाळी जाणत्यांना माहिती देण्यात आली आणि चित्र आशादायक रंगवलं गेलं : शत्रू थकतोय, आपण पुढे सरकतोय. त्याच १ नोव्हेंबरला संरक्षणमंत्री रॉबर्ट मॅकनमारा यांनी राष्ट्राध्यक्षांना एक टिपण दिलं होतं. आहे त्याच मार्गानं जाणं धोक्याचं आणि व्यर्थ ठरेल, असा त्याचा सूर होता. ज्या मंत्र्यानं हे युद्ध उभं केलं त्याचाच विश्वास उडाला होता. सल्ला मागताना जाणत्यांसमोर ठेवायला याहून महत्त्वाचा कागद दुसरा नव्हता. पण बैठकीत चर्चा झाली ती आदल्या रात्रीच्या आशादायक चित्रावर.

त्या खोलीत एक माणूस वेगळा होता. जॉर्ज बॉल. परराष्ट्र खात्यात वरच्या पदावर असताना त्यांनी १९६४ मध्येच सदुसष्ट पानांचं टिपण लिहून या युद्धाविरुद्ध सावध केलं होतं. ते वकील होते आणि फ्रेंच सरकारचं काम त्यांनी जवळून पाहिलं होतं. फ्रान्स व्हिएतनाममध्ये कसा रुतला हे त्यांना ठाऊक होतं. बाकीच्यांचा अनुभव होता युरोपचा, जर्मनीचा, स्टालिनचा. थोर अनुभव होता, पण वेगळ्या भूमीचा. ‘अनुभवी’ म्हणताना कशाचा अनुभवी, हे विचारायचं राहून जातं. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा हे खरं. पण ठेच कोणत्या वाटेवर लागली होती, हे बघायला नको?

मग जानेवारी १९६८ च्या अखेरीस टेट या व्हिएतनामी नववर्षाच्या सणात दक्षिण व्हिएतनाममधल्या शंभराहून अधिक शहरांवर आणि गावांवर एकाच वेळी हल्ले झाले. लष्करीदृष्ट्या हल्लेखोरांची मोठी हानी झाली, पण ‘शत्रू थकतोय’ या वाक्यावर विश्वास ठेवणं अवघड होऊन बसलं. लष्करानं आणखी २,०६,००० सैनिकांची मागणी पुढे केली.

या टप्प्यावर ॲचेसन यांनी जे केलं त्याबद्दल मला मनापासून आदर वाटतो. तेव्हा ते चौऱ्याहत्तर वर्षांचे होते. राष्ट्राध्यक्षांनी पुन्हा मत विचारलं तेव्हा त्यांनी कळवलं की तयार, डबाबंद माहितीवर मी मत देणार नाही. प्रत्यक्ष काम करणाऱ्या खालच्या फळीतल्या अधिकाऱ्यांशी मला थेट बोलू द्या. मग परराष्ट्र खात्यातले फिलिप हबीब, गुप्तचर खात्यातले जॉर्ज कार्व्हर, लष्करातले मेजर जनरल विल्यम डेप्यू यांच्याशी ते बोलले. प्रश्न विचारले, उलटतपासणी घेतली. २५ मार्चच्या संध्याकाळी हेच तिघं सगळ्या मंडळींसमोर उभे राहिले. दक्षिण व्हिएतनामची राजधानी सायगॉन इथल्या दूतावासात काम करून आलेल्या हबीब यांना नवे संरक्षणमंत्री क्लार्क क्लिफर्ड यांनी थेट विचारलं की लष्करी विजय मिळू शकतो का. सध्याच्या परिस्थितीत नाही, असं ते म्हणाले. तुमच्या हातात असतं तर काय केलं असतं? बाँबफेक थांबवून वाटाघाटी. पंतप्रधानाच्या किंवा राष्ट्राध्यक्षाच्या टेबलावर येता-येता जे वाक्य नेहमी वितळून जातं, ते त्या रात्री न वितळता पोचलं.

लष्करानं टेटमध्ये मारलेल्या शत्रूसैनिकांचा आकडा सांगितला, तेव्हा संयुक्त राष्ट्रांतले अमेरिकेचे प्रतिनिधी आर्थर गोल्डबर्ग यांनी साधा गुणाकार केला. एका मृतामागे जखमी किती असतात? तेवढे जखमी धरा, मृत त्यात मिळवा. बेरीज शत्रूच्या एकूण सैन्याच्याच वर जात होती. मग आपण लढतोय कुणाशी? या प्रश्नाला परराष्ट्रनीतीची पदवी लागत नाही. लागतो तो आकडा मागण्याचा अधिकार, आणि आकड्यासमोर न दबण्याची सवय. ही सवय मात्र अनुभवानं येते.

तर दोन तारखांमधला फरक माझ्या मते हा : नोव्हेंबरमध्ये जाणत्यांना निष्कर्ष दाखवले गेले, मार्चमध्ये त्यांनी कच्ची माहिती खणून काढली. टेटचा धक्का नसता तर ते खणायला बसले असते का, ही शंका रास्त आहे. पण धक्का तर सगळ्यांनाच बसला होता. मत बदलण्याआधी खालच्या फळीला विचारायचं, एवढं शहाणपण फार थोड्यांनी दाखवलं.

एकाच माणसाच्या चार भूमिका

ॲचेसन यांचं कौतुक करून थांबलो तर चित्र अर्धं राहील. हाच माणूस १९५० मध्ये परराष्ट्रमंत्री होता आणि कोरियाचं युद्ध सुरू होतं. ३ ऑक्टोबरच्या पहाटे, मध्यरात्र उलटून गेल्यावर, चीनचे पंतप्रधान चौ एन-लाय यांनी भारताचे राजदूत के. एम. पणिक्कर यांना बोलावून घेतलं आणि सांगितलं की अमेरिकी सैन्य ३८ अक्षांशाची रेषा ओलांडून उत्तरेत आलं तर चीन युद्धात उतरेल. निरोप दिल्लीमार्गे वॉशिंग्टनला पोचला. ॲचेसन यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो पोकळ धमकीत जमा केला. पणिक्कर चीनच्या बाजूला झुकलेले, असा त्यांचा समज होता. १५ ऑक्टोबरला वेक बेटावर राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी सेनापती डग्लस मॅकआर्थर यांना चीनबद्दल विचारलं. सत्तरीचे, आशियात उभी हयात घालवलेले मॅकआर्थर म्हणाले, शक्यता फार कमी आहे. चार दिवसांनी चिनी फौजा कोरियाच्या सीमेवरची यालू नदी ओलांडू लागल्या. युद्ध आणखी पावणेतीन वर्षं चाललं.

१९६२ च्या ऑक्टोबरमध्ये सोव्हिएत संघानं क्युबात क्षेपणास्त्रं आणून ठेवली तेव्हा केनेडी यांनी ॲचेसन यांना बोलावलं. त्यांचा सल्ला होता : ताबडतोब हवाई हल्ला करा. केनेडी यांनी तो मानला नाही, नाकेबंदीचा मार्ग धरला, आणि ॲचेसन यांना पॅरिसला फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष द गॉल यांना विश्वासात घ्यायला पाठवलं. ते काम त्यांनी चोख केलं. त्या दिवशी हल्ला झाला असता तर काय झालं असतं, या विचारानं आजही अंगावर काटा येतो.

पुढे व्हिएतनाम. १९६५ आणि १९६७ मध्ये ‘लढत राहा’, १९६८ मध्ये ‘बाहेर पडा’. एकाच बुद्धिमान, प्रामाणिक, देशनिष्ठ माणसाची ही कारकीर्द. ॲचेसन यांचं ऐकावं की नाही, याला एकच उत्तर कसं देणार? तारीख विचारावी लागते. विषय विचारावा लागतो.

पणिक्कर यांच्याबाबतही तसंच. कोरियाबद्दलचा त्यांचा निरोप शंभर टक्के खरा ठरला. पण त्याच महिन्यात, ७ ऑक्टोबर १९५० ला, चिनी सैन्य तिबेटमध्ये शिरलं, आणि चीनच्या हेतूंबद्दलचं पणिक्करांचं वाचन दिल्लीत टीकेचा विषय झालं. ७ नोव्हेंबर १९५० ला सरदार पटेलांनी नेहरूंना लिहिलेल्या प्रसिद्ध पत्रात तक्रार आहे की आपला राजदूत चीनच्या धोरणाचं समर्थन शोधण्यासाठी फारच कष्ट घेतो आहे. एकच माणूस, एकच शहर, एकच शरद ऋतू. एका बाबतीत अमेरिकेनं त्यांचं ऐकायला हवं होतं. दुसऱ्या बाबतीत पटेलांची शंका रास्त होती.

थोडं बारकाईनं पाहिलं तर यात विसंगती नाही. कोरियाबाबत पणिक्कर फक्त निरोप पोचवत होते : मला हे सांगितलं गेलं, या वेळी, या शब्दांत. तिबेटबाबत ते अर्थ लावत होते. अनुभवी माणसानं काय ऐकलं आणि त्याला काय वाटतं, या दोन गोष्टी नेत्यानं सुट्या करून घ्यायला हव्यात. पहिलीचं मोल फार मोठं. दुसरी इतर मतांसारखीच एक, तपासून घ्यायची.

समोरच्याला ओळखणारा माणूस

क्युबाच्या त्याच पेचात हा फरक स्वच्छ दिसतो. लेवेलिन थॉम्पसन मॉस्कोत अमेरिकेचे राजदूत होते, नुकतेच परतले होते. सोव्हिएत नेते क्रुश्चेव्ह यांच्याशी त्यांचा घरोबा म्हणावा इतका परिचय. २७ ऑक्टोबरला मॉस्कोहून दोन पत्रं समोर होती. पहिलं मवाळ, दुसरं कडक, तुर्कस्तानातली अमेरिकी क्षेपणास्त्रं हलवण्याची अट घालणारं. वाटाघाटींनी क्युबातून शस्त्रं निघतील असं केनेडी यांना वाटत नव्हतं. थॉम्पसन यांनी राष्ट्राध्यक्षांना तोंडावर सांगितलं की मला हे पटत नाही, अजून संधी आहे. क्रुश्चेव्ह यांना आपल्या लोकांसमोर ‘मी क्युबा वाचवला’ असं म्हणता आलं की त्यांना पुरेसं आहे, हे त्यांचं वाचन होतं. केनेडी यांनी पहिल्या पत्राला उत्तर धाडलं.

पण तुर्कस्तानच्या अदलाबदलीला थॉम्पसन यांचा विरोध होता, आणि तिथे केनेडी यांनी त्यांचं मानलं नाही. त्या क्षेपणास्त्रांचा शब्द गुपचूप दिला गेला. थॉम्पसन यांच्याकडून त्यांनी क्रुश्चेव्ह कसा आहे हे घेतलं. मोबदल्यात काय द्यायचं ते स्वतः ठरवलं. ‘ऐकावे जनाचे, करावे मनाचे’ ही म्हण आपण बऱ्याचदा दुसऱ्याचं न ऐकण्याची सबब म्हणून वापरतो. तिचा खरा अर्थ मला या प्रसंगात दिसतो. आधी ऐकणं पूर्ण झालं पाहिजे.

याच्या उलट बर्लिन, जुलै १९१४. लंडनमधले जर्मनीचे राजदूत लिखनोव्स्की पुन्हापुन्हा कळवत होते की युद्ध पेटलं तर ब्रिटन बाजूला बसणार नाही. बर्लिनमध्ये समज असा की राजदूत इंग्रजांच्या फार आहारी गेलाय. ४ ऑगस्टला ब्रिटननं युद्ध पुकारलं. दुसऱ्या देशात राहून त्या देशाला समजून घेणाऱ्या माणसावर हा आरोप सतत होतो. जो समोरच्याला ओळखतो तोच समोरच्याचा वाटायला लागतो. कधी ते खरंही असतं. पण युद्धाच्या तोंडावर त्याच्याइतकी उपयोगी माहिती दुसऱ्या कुणाकडेच नसते.

१९७१ मध्ये दिल्लीनं हे बरं सांभाळलं. पूर्व पाकिस्तानातून लाखो निर्वासित येत होते, लगेच कारवाई करा असा दबाव वाढत होता. के. सुब्रह्मण्यम यांच्यासारखा जाणकार सांगत होता की अशी संधी पुन्हा येणार नाही. इंदिरा गांधींचे प्रधान सचिव पी. एन. हक्सर यांचा कल आधी जग आपल्या बाजूला वळवण्याकडे होता. मॉस्कोत राजदूत राहिलेले, तिथली माणसं ओळखणारे डी. पी. धर सोव्हिएत कराराच्या कामात पुढे होते. ९ ऑगस्टला करार झाला, डिसेंबरात युद्ध झालं, १६ तारखेला ढाक्यात शरणागती. सुब्रह्मण्यम यांचा पाकिस्तानबद्दलचा अंदाज चुकीचा नव्हता, आणि हक्सर यांचा क्रमही चुकीचा नव्हता. अशा दोन बरोबर सल्ल्यांचा आगापिछा ठरवणं हे नेत्याचंच काम, ते दुसऱ्या कुणावर टाकता येत नाही.

अनुभव वाट चुकवतो तो कसा

आता उलट्या बाजूचं सर्वांत मोठं उदाहरण. मे १९४०. फ्रान्स कोसळत होतं, ब्रिटिश सैन्य डंकर्कच्या किनाऱ्यावर अडकलं होतं. चर्चिल पंतप्रधान होऊन पंधरा-सोळा दिवस झाले होते. परराष्ट्रमंत्री होते लॉर्ड हॅलिफॅक्स, म्हणजे आपण ज्यांना गांधी-आयर्विन करारामुळे ओळखतो ते लॉर्ड आयर्विन. वाटाघाटींचा त्यांचा अनुभव अफाट. इटलीच्या मध्यस्थीनं काही तडजोड निघते का ते निदान बघावं, असं त्यांचं म्हणणं होतं. २६ ते २८ मे असे तीन दिवस पाच जणांच्या युद्धमंत्रिमंडळात हा वाद चालला. हॅलिफॅक्स घाबरट नव्हते. त्यांच्या मते शहाणा माणूस हातातलं सगळं एका डावावर लावत नाही. चर्चिल यांचं उत्तर होतं की एकदा अटी विचारायला गेलो की लढण्याची जिद्द परत येणार नाही, आणि हिटलर शब्द पाळणारा माणूस नाही. चर्चिल यांनी ऐकलं नाही, आणि ते बरोबर ठरले.

हॅलिफॅक्स कुठे चुकले? त्यांचा सगळा अनुभव अशा माणसांशी बोलण्याचा होता ज्यांना करार हवा असतो. हिटलर त्या जातीचा नव्हता. जुना अनुभव नव्या माणसाला जुन्या साच्यात बसवतो तेव्हा अशी गफलत होते.

यातली खरी गंमत १९५६ मध्ये दिसते. अँथनी ईडन तीन वेळा परराष्ट्रमंत्री राहून पंतप्रधान झाले होते. म्हणजे नेताच जाणता. इजिप्तचे राष्ट्राध्यक्ष नासर यांनी सुएझ कालवा ताब्यात घेतला आणि ईडन यांना त्यांच्यात १९३० च्या दशकातला मुसोलिनी दिसला. हुकूमशहाला तेव्हा सूट दिली म्हणून महायुद्ध झालं, या वेळी ती चूक नको, एवढा एकच धडा त्यांच्या डोक्यात बसला होता. परराष्ट्र खात्याच्या कायदा सल्लागारांचा इशारा बाजूला पडला, बहुतेक राजदूतांना अंधारात ठेवलं गेलं. ब्रिटननं इजिप्तवर हल्ला केला, पण काही दिवसांत त्याला युद्ध थांबवावं लागलं, दोन महिन्यांत ईडन यांनी राजीनामा दिला. अनुभवी नेत्याला सल्लागारांची गरज कमी भासते, आणि नेमका तोच जास्त उघडा पडतो.

राजकीय अंदाजांवर संशोधन करणारे फिलिप टेटलॉक यांनी २८४ तज्ज्ञांचे हजारो अंदाज वर्षानुवर्षं तपासले. निष्कर्ष चटका लावणारा आहे : ज्यांचं नाव मोठं त्यांचे अंदाज सरासरीनं अधिक चुकत. एका मोठ्या सिद्धान्तानं सगळ्याचा उलगडा करणाऱ्यांपेक्षा छोटे-छोटे धागे जुळवणारे, ‘पण’ आणि ‘तरी’ म्हणणारे बरे ठरत. नेत्याला मात्र युद्धात पहिल्या प्रकारची माणसं आवडतात, कारण त्यांची वाक्यं ठाम असतात.

मराठी वाचकाला इथे पानिपत आठवल्याशिवाय राहणार नाही. जड सामानसुमान आणि कुटुंबकबिला मागे ठेवा, गनिमी काव्यानं लढा, असा सल्ला पासष्टी ओलांडलेल्या मल्हारराव होळकरांनी आणि सूरजमल जाटानं दिला होता आणि भाऊसाहेबांनी तो मानला नाही, असं बखरींच्या परंपरेत सांगितलं जातं. १४ जानेवारी १७६१ ला जे झालं त्यानंतर तो न ऐकलेला सल्ला आपल्या मनात सोन्याचा झाला. पण हरलेल्या युद्धात न ऐकलेला प्रत्येक सल्ला शहाणा दिसतो, आणि जिंकलेल्या युद्धात न ऐकलेला सल्ला कुणाच्या लक्षातही राहत नाही. हॅलिफॅक्स यांचं ऐकलं नाही म्हणून आज कुणी हळहळत नाही. म्हणून सल्ला निकालावरून तोलू नये. देताना काय माहीत होतं, त्यावरून तोलावा.

या कसोटीवर ब्रेंट स्कोक्रॉफ्ट यांचा सल्ला मला फार वजनदार वाटतो. थोरल्या बुश यांचे सुरक्षा सल्लागार, १९९१ च्या आखाती युद्धाच्या निर्णयात सहभागी. १५ ऑगस्ट २००२ ला त्यांनी वर्तमानपत्रात उघड लेख लिहिला : इराकवर हल्ला करू नका. हल्ल्यानंतर मोठा, दीर्घकाळ चालणारा लष्करी ताबा ठेवावा लागेल आणि दहशतवादाविरुद्धच्या लढाईवरचं लक्ष उडेल, हे त्यांनी तेव्हाच सांगितलं होतं. युद्ध मार्च २००३ मध्ये झालं. पण त्यांच्या तोडीचे अनुभवी माजी परराष्ट्रमंत्री हेन्री किसिंजर युद्धाच्या बाजूनं होते. आणि २००६ च्या डिसेंबरात जेम्स बेकर आणि ली हॅमिल्टन यांच्या नेतृत्वाखाली दोन्ही पक्षांच्या ज्येष्ठांनी ७९ शिफारशींचा अहवाल दिला, लढाऊ फौजा मागे घ्यायची दिशा दाखवली. धाकट्या बुश यांनी महिन्याभरात नेमकं उलट करून वीस हजारांहून अधिक जादा सैनिक पाठवले. पुढच्या दीड-दोन वर्षांत हिंसाचार बराच उतरला, त्याला स्थानिक टोळ्यांनी बाजू बदलल्याचंही कारण होतं. म्हणजे एकाच युद्धात ज्येष्ठांना डावलणं एकदा फार महागात पडलं, आणि एकदा निदान काही काळ फळलं.

ज्येष्ठांकडून सर्वांत बिनधोक घेता येणारी गोष्ट कोणती, असं मला कुणी विचारलं तर मी एप्रिल १९८२ चा एक छोटा प्रसंग सांगेन. अर्जेंटिनानं ब्रिटनकडची फॉकलंड बेटं घेतली होती. पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांना युद्ध चालवण्याचा काहीच अनुभव नव्हता. त्यांनी अठ्ठ्याऐंशी वर्षांचे माजी पंतप्रधान हॅरल्ड मॅकमिलन यांचा सल्ला घेतला. मॅकमिलन यांनी डावपेच सांगितले नाहीत. ते म्हणाले, युद्धमंत्रिमंडळ लहान ठेवा आणि अर्थमंत्र्याला त्यात घेऊ नका. हेच मॅकमिलन सुएझच्या वेळी अर्थमंत्री होते. पौंड घसरू लागल्यावर युद्ध आवरतं घ्यायला लावण्यात त्यांचाच हात होता. ज्याच्या हातात तिजोरी आहे तो माणूस ऐन युद्धात काय करतो, हे त्यांनी स्वतःच्या कृतीतून शिकलेलं होतं. थॅचर यांनी तो सल्ला तंतोतंत पाळला. कुणाशी लढायचं, कसं लढायचं, हे प्रत्येक युद्धात बदलतं. खोलीत कोण बसावं, कुणाला वगळलं की काय होतं, हे फारसं बदलत नाही.

आणि कुणीच सल्ला द्यायला धजत नाही तेव्हाचं चित्रही आपण अलीकडे पाहिलंय. २१ फेब्रुवारी २०२२ ला रशियाच्या सुरक्षा परिषदेची बैठक टीव्हीवर दाखवली गेली. पुतिन एका टोकाला, बाकीचे लांब अंतरावर खुर्च्यांत. परदेशी गुप्तचर खात्याचे प्रमुख सर्गेई नारिश्किन बोलताना अडखळले, भलतंच बोलून गेले, आणि पुतिन यांनी त्यांना सर्वांसमोर दुरुस्त केलं. तीन दिवसांनी युक्रेनवर हल्ला झाला. त्या सभागृहात अनुभव कमी नव्हता. वर्षानुवर्षं पदांवर राहिलेली माणसं होती. पण होयबा व्हायला शिकवलेल्या अनुभवाचा उपयोग कुणालाच होत नाही, नेत्यालाही नाही.

जॉन्सन यांच्याकडे परत येऊ. त्यांच्या बाजूनं एक गोष्ट मी नोंदवेन. २६ मार्चला न आवडलेला सल्ला ऐकल्यावर ते चिडले, दुखावले, पण तो सल्ला त्यांनी फेकून दिला नाही. आदल्या संध्याकाळी या लोकांना काय सांगितलं गेलं, ते मलाही ऐकू द्या, असं म्हणून त्यांनी माहिती देणाऱ्या अधिकाऱ्यांना बोलावलं. ज्यांच्या टेबलावर रोज सकाळी व्हिएतनामचे अहवाल येत होते, त्या राष्ट्राध्यक्षांना निवृत्तांना दिलेली माहिती मागवून ऐकावी लागली. ३१ मार्चला त्यांनी टीव्हीवरून जाहीर केलं की उत्तर व्हिएतनामच्या मोठ्या भागावरची बाँबफेक थांबेल, आणि आपण पुन्हा निवडणूक लढवणार नाही. वाटाघाटी सुरू झाल्या, रेंगाळल्या, आणि युद्ध आणखी काही वर्षं चाललं. या संपूर्ण युद्धात अमेरिकेचे ५८,००० हून अधिक सैनिक मेले. त्यातले निम्म्याहून अधिक त्या मार्चनंतर. व्हिएतनामी माणसं किती मेली, त्याची मोजदाद लाखांत आहे.